सैनिकी सेवा आणि क्रीडा कारकीर्द : अविनाश साबळे यांच्या संदर्भात

लष्करी शिक्षणसंस्थेतून नामांकित खेळाडू घडण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीचा रॉजर स्टॉबॅक हा तिचा ठळक नमुना होय. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईचे सूत्रसंचालन करणाऱ्या खेळाडूस 'क्वार्टरबॅक' म्हणतात. या स्थानावर खेळून स्टॉबॅकने १९६३ साली महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानली जाणारी हाइसमन ट्रॉफी मिळविली. पदवीनंतर मात्र त्याला चार वर्षे नौदलाची सेवा करावी लागली. त्यातील काही काळ व्हिएतनाममध्ये गेला. डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघात तो १९६९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी दाखल झाला. तेथे सेवा ही खेळातील खंड ठरली.

मराठवाड्यात हा क्रम उलटा दिसतो. परभणी जिल्ह्यातील पिंगळी असो वा बीड जिल्ह्यातील मांडवा, कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलासमोर बारावीनंतर पहिला प्रश्न उपजीविकेचा असतो; खेळ त्यानंतर येतो. आष्टी तालुक्यातील मांडवा येथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी जन्मलेले अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले ते शिपाई म्हणून, धावपटू म्हणून नव्हे. लहानपणी त्यांनी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटरचे अंतर चालत-धावत कापले होते. परंतु त्या धावण्याची नोंद कोणत्याही क्रीडायंत्रणेने घेतली नाही. महाविद्यालयीन क्रीडाविभागांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पाचव्या महार बटालियनमध्ये असताना सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतींतून त्यांचा अ‍ॅथलेटिक्सशी संबंध आला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळविले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असून तो धक्का लागल्यास पडत नाही. त्यामुळे प्रत्येक उडीत गती मोडते आणि ती पुन्हा मिळवावी लागते. निव्वळ दमश्वासावर ही शर्यत जिंकता येत नाही. प्रतिकूल हवामानातील सेवेने कणखरपणा दिला असेल. उडीचे तंत्र मात्र प्रशिक्षणातूनच आले.

गोपाल सैनी यांचा १९८१ मधील ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८:२९.८० अशी वेळ नोंदवून तो मोडला. त्यानंतर ते स्वतःचेच विक्रम मोडत राहिले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२ हा नवा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरी हुकली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८:११.२० वेळेसह रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने निसटले. १९९८ ते २०१८ या काळातील प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडे गेली होती, हे ध्यानात घेतल्यास त्या रौप्याचे मोल कळते. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत (२०२३) स्टीपलचेसचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे रौप्य त्यांनी पटकाविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्यांनी विक्रम ८:०९.९१ वर नेला आणि पुढील महिन्यात ऑलिंपिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. तेथे ते अकरावे आले.

या यशामागे नियमित वेतन, आहार, वैद्यकीय सोय आणि सरावासाठी मिळालेला वेळ यांचा वाटा मोठा आहे. पुण्यात २००१ साली स्थापन झालेली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट ही याच धोरणाची फलश्रुती होय. महाविद्यालयात मात्र खेळाडूचे वर्ष बहुधा आंतरविद्यापीठ स्पर्धेपुरते असते आणि पदवीबरोबर तेही संपते.

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाणउडीच्या वेळी पडून साबळे यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची टोकियो येथील विश्वस्पर्धा हुकली. असा प्रसंग ओढवल्यास सैन्यातील खेळाडूची नोकरी टिकून राहते. महाविद्यालयाच्या मैदानावरून थेट घरी परतणाऱ्या धावपटूला तो आधार नसतो.