गिअरचा दांडा डुलतोय? आधी बुश बघा!

मैत्रिणींनो, नांदेड-लातूर भागात कितीतरी घरांची चूल एका जुन्या ट्रकवर नाहीतर टेम्पोवर पेटते. लातूरच्या अडतीवर तूर-सोयाबीन पोचवायचं, हंगामात ऊस ओढायचा, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवायचा. गाडी घरधनी चालवतात किंवा ड्रायव्हर. पण डिझेल, हप्ता, विमा आणि गॅरेजचं बिल यांचा मेळ घालते ती घरातली बाईच. म्हणून आजचा विषय जरा वेगळा, गाडीच्या गिअरचा!

गाडी जुनी झाली की गिअरचा दांडा सैल पडतो. न्यूट्रलला असताना तो घंटेसारखा डुलतो, पहिला गिअर टाकायला जावं तर तिसरा पडतो, रिव्हर्स तर शोधावाच लागतो. मग गॅरेजमधून निरोप येतो, "वहिनी, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय." हे ऐकलं की पोटात गोळा येतो. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे मजुरी, सील, नवीन ऑइल आणि वर दोन-चार दिवस गाडी उभी. भाडं बुडालं ते वेगळंच.

पण दर वेळी गिअरबॉक्सच गेलेला असतो असं नाही. आपण हातात धरतो तो दांडा आणि आतले गिअर यांच्यामध्ये बरेच सांधे असतात. काही गाड्यांत दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. त्याच्या बुडाशी गोळा असतो, त्याखाली प्लॅस्टिकची किंवा धातूची वाटी आणि वर दाबून धरणारी स्प्रिंग. ज्या गाड्यांत ड्रायव्हरची सीट गिअरबॉक्सपासून लांब असते, तिथे मधे सळया असतात आणि त्यांच्या प्रत्येक जोडावर पिन आणि बुश. झिजतं ते बहुतेक वेळा हेच. एकेका जोडात थोडाथोडा खेळ आला, की वर दांड्याच्या टोकाला तो वीतभर होतो.

ही झीज होते कशाने? पहिलं कारण आपल्याकडची धूळ. दांड्याच्या बुडाशी रबराची टोपी असते. ती फाटली की माती आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते आणि कानशीसारखी घासत राहते. दुसरं कारण कामाचं. आठवतोय ना 2016 चा उन्हाळा? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पण वस्त्यांपर्यंत ते टँकरच पोचवत होते. असल्या कामात गाडी सरळ पळत नाही. थांब, चल, मागे घे, पुढे घे! जितके गिअर बदलाल तितकी झीज.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, चावी काढलेली, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. गिअर न्यूट्रलला ठेवून एकानं केबिनमध्ये बसून दांडा हळूहळू हलवायचा आणि मिस्त्रीनं खालून एकेक जोड बघायचा. अलीकडची सळई हलते आणि पलीकडची जागची हलत नाही, तिथे बुश गेला समजा. इंजिनाखालची रबरं, म्हणजे माउंटिंग, तुटली असतील तरी दांडा थरथरतो. तीही बघून घ्या.

दोष सापडला की नवीन बुश, नवीन पिन, भरपूर ग्रीस आणि नवी रबरी टोपी. पिनचं भोक झिजून लांबट झालं असेल तर नुसता नवा बुश टिकत नाही. ते भोक वेल्डिंगनं भरून लेथवर पुन्हा नीट करून घ्यावं लागतं, किंवा तो भाग बदलावा लागतो. ट्यूबचा तुकडा कोंबणं, तार गुंडाळणं हे गाडी घरापर्यंत आणण्यापुरतं ठीक. त्यावर लोड भरू नये.

मात्र दांडा घट्ट असूनही चढावर गिअर सटकत असेल, आतून खरखर येत असेल, तर दुखणं आत आहे. गिअर टाकतानाच दात करकरत असतील तर आधी क्लच तपासा. तिथे काटकसर नको.

हे सगळं पैशापुरतंच नाही. अहमदपूरकडच्या बालाघाटाच्या उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये अडकली तर इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घरासमोर पुढचा गिअर समजून रिव्हर्स पडला, आणि मागे लेकरं खेळत असली तर? विचारच नको!

"बाईमाणसानं गॅरेजात काय बोलायचं?" असं वाटतं का? योगिता रघुवंशी यांचं उदाहरण बघा. नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या योगिताताईंच्या पतीचं 2003 मध्ये निधन झालं. पुढे त्यांच्या ट्रकला हैदराबादकडे अपघात झाला आणि ड्रायव्हर गाडी सोडून पळाला. ताई मेकॅनिकला घेऊन स्वतः तिथे गेल्या, ट्रक दुरुस्त करवून भोपाळला परत आणला. नंतर तर त्या स्वतःच ट्रक चालवू लागल्या.

आपल्याला स्टिअरिंग धरायलाच हवं असं नाही. तीन प्रश्न विचारले तरी पुरे. "भाऊ, बाहेरचे बुश-पिन बघितले का? नेमका कोणता जोड सैल आहे, दाखवा. जुने पार्ट मला परत द्याल ना?" काम झालं की इंजिन बंद ठेवून सगळे गिअर, रिव्हर्ससुद्धा, एकदा टाकून बघायला सांगा. मग रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणायची आणि त्यानंतरच माल भरायचा.

आणि हो, ड्रायव्हरला एक सवय सोडायला सांगा. चालताना हात दांड्यावर टेकवून ठेवायचा नाही. त्या सततच्या दाबानं गिअरबॉक्सच्या आतले फोर्क झिजतात. ग्रीसचा एक हात वेळच्या वेळी फिरला आणि रबरी टोपी शाबूत राहिली, तर जुनी गाडीही बरीच वर्षं साथ देते.