दोन काठ्यांचं बिऱ्हाड

आमचा जुना तंबू मी रद्दीवाल्याच्या काट्याला लावला तेव्हा हे घरात नव्हते. ४ किलो ६०० ग्रॅम. "ताई, कापड नाही घेत आम्ही," रद्दीवाला म्हणाला. मला तो विकायचा नव्हताच, मला फक्त आकडा हवा होता. १९९७ साली घेतलेला हा घुमटाचा तंबू तेव्हापासून ह्यांच्याच पाठीवरून सह्याद्री हिंडला. मी कधी उचलायला गेले तर, "राहू दे गं, त्यात काय आहे!" हे ठरलेलं उत्तर. त्यात काय आहे ते आता कळलं होतं.

निमित्त झालं गुडघ्याचं. डॉक्टर म्हणाले, "डोंगर सोडा असं मी म्हणत नाही. ओझं सोडा, आणि उतरताना दोन्ही हातांत काठ्या घ्या." उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्याला जो हिसका बसतो, त्यातला थोडा भार काठ्यांमुळे हातांवर जातो, एवढा साधा हिशेब. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच हे म्हणाले, "साठी आली म्हणजे काठी आलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" मग चार महिने आम्ही डोंगरावर गेलोच नाही. ओझं आणि काठी, दोन्हींवर एकच उपाय ह्यांनी शोधला होता: घरी बसणं. रविवारी सकाळी पेपर वाचून झाला की खिडकीपाशी उगीच उभे राहायचे.

अशात माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर एका वेगळ्याच तंबूची गोष्ट सांगितली. ह्या तंबूला स्वतःचे खांब नसतात. चालायच्या काठ्याच हव्या तेवढ्या लांब करून आत उभ्या करायच्या आणि कापड चहूबाजूंनी खुंट्यांना ताणायचं. खांबांचं वजन वाचतं. मला वजनापेक्षा दुसरंच सुचलं. काठी घराचा खांब झाली, तर ती 'म्हातारपणाची काठी' राहणार नाही! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं अर्धं हातात.

मग सुरू झाली निवड. नकाशे, गाड्यांची वेळापत्रकं ह्यांच्याकडे. पण कापड म्हटलं की घरात शब्द माझा. तीस वर्षं शिवणयंत्रावर बसले आहे. तंबूची जाहिरात वाचून मी आधी विचारलं, कापड कशाचं? नायलॉन तेवढ्याच वजनात जास्त चिवट, पण ते पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री पावसात पोट सुटल्यासारखा लोंबतो आणि कुणीतरी उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने ताण धरून राहतं. तिसरं कापड डायनीमाचं. शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी निघालेल्या कापडाच्या घराण्यातलं. ते ताणतही नाही नि पाणीही पीत नाही. त्याचा दोघांचा तंबू सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि किंमत सहाशे-सातशे डॉलरांच्या घरात. म्हणजे ग्रॅमला एक डॉलर! तो कागद मी घडी करून ठेवून दिला.

कापडावरचा लेपही बघावा लागतो. स्वस्त तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. आपल्याकडची दमट हवा त्याला सोसत नाही. ओलसर तंबू चार-पाच पावसाळे कपाटात कोंडला की तो थर चिकट होतो आणि आंबूस वास सुटतो. आमच्या जुन्या तंबूचं तेच झालं होतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप असलेलं कापड ह्या दुखण्यातून सुटतं. पण त्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही, म्हणून शिवणी बहुधा आपल्यालाच बंद कराव्या लागतात.

मापांची गंमत वेगळीच. 'दोघांचा' तंबू म्हणजे दोन सतरंज्या मावतात एवढंच. बॅगा, बूट कुठे ठेवायचे ते कंपनी सांगत नाही. सव्वा मीटर रुंदी असेल तर दोन माणसं भांडण न होता झोपू शकतात. दारं मात्र दोन हवीतच, आणि दोन्हीकडे छोटी पडवी. पन्नाशी उलटल्यावर रात्री एकदा तरी उठावं लागतं आणि एकच दार असलं की एकाला दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. जाहिरातीतली तरुण जोडपी पाहून हे लक्षात येत नाही. आणि वजन वाचताना खुंट्या-दोऱ्या धरल्यात का, ते विचारावं. पुष्कळदा धरलेल्या नसतात.

ह्या सगळ्या वाचनात मला एमा गेटवूड भेटली. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन वाट ती एकटी एका दमात चालली. खांद्यावर हाताने शिवलेली कापडी पिशवी आणि आडोशाला न्हाणीघराचा पडदा! ह्यांना वाचून दाखवलं. "तिच्याकडे काठी होती का?" ह्यांनी विचारलं. मी पान उलटलं.

शेवटी घेतला तो दुहेरी, आत जाळी नि बाहेर सिलिकॉनचं पॉलिएस्टर, खुंट्या-दोऱ्या धरून १ किलो ४०० ग्रॅमचा. किंमत सांगत नाही. सासरची मंडळी रविवारी हेच पान वाचतात. पण ३ किलो २०० ग्रॅम उतरले, म्हणजे आम्हा दोघांचं दोन दिवसांचं खाणं आणि वर स्टोव्ह.

परीक्षा झाली इमारतीच्या गच्चीवर. काँक्रीटमध्ये खुंट्या जाणार कशा? चार कोपऱ्यांना तुळशीपासून कोरफडीपर्यंतच्या कुंड्या आणि पाण्याचे कॅन बांधले. सोसायटीतली पोरं आत, मी बाहेर पाइप घेऊन. दहाव्या मिनिटाला आतून आरडाओरडा: कण्यावरच्या शिवणीतून टपटप सुरू. सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये धिरड्याच्या पिठाइतकं पातळ केलं, ब्रशने शिवणींना लावलं आणि रात्रभर वाळू दिलं. उरलेल्याचे तळावर रांगोळीसारखे ठिपके काढले, कारण त्या गुळगुळीत कापडावरून सतरंजी उताराकडे घसरत जाते. हे मात्र खाली वाकून बघत होते. "तिकडे एक ठिपका राहिला," म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदाच लक्ष घातलं होतं.

खरं सांगायचं, तर आपल्या सह्याद्रीत हा तंबू सगळीकडे शहाणपणाचा नाही. घुमटाचा तंबू कातळावर नुसता ठेवला तरी उभा राहतो; हा मात्र सर्वस्वी खुंट्यांच्या आधारावर. पठारांवर बोटभर मातीखाली काळा दगड लागतो आणि खुंटी वाकते. तिथे दोरीचा लांब फास एका दगडाला घालायचा आणि त्याच्यापुढे दुसरा, मोठा धोंडा टेकवायचा. त्यासाठी आठ-दहा मीटर जादा दोरी घेतली.

डिसेंबरात हरिश्चंद्रगड करून खाली पाचनईला आलो. एका घरी विचारून त्यांच्या भाताच्या खाचरात जागा मिळवली. मऊ माती, खुंट्या लोण्यात गेल्यासारख्या गेल्या. गडावर जाता-येता काठ्या ह्यांच्या बॅगेला बांधलेल्याच होत्या. "ते तंबूचे खांब आहेत," असं भेटेल त्याला सांगणं चालू होतं. शेवटच्या उतारावर एक सोडून हातात घेतली. "मजबूत आहे का बघतो," म्हणाले. मी पुढे चालत राहिले.

रात्र थंड आणि वारा अजिबात नाही. अशा रात्री दोन माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडावर आतून जमते, बाहेर दव पडतं ते वेगळंच. तंबू गळतोय असं वाटून नवखा माणूस दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतो. दोन्ही पडव्यांची दारं थोडी उघडी ठेवली तरी पहाटे बाहेरचं कापड ओलंच होतं. पण मध्ये जाळी, त्यामुळे आम्ही कोरडे.

उजाडायच्या आधी ह्यांची हालचाल सुरू झाली. थंडीने गुडघा आखडला असणार. आपलं दार उघडून अंधारातच हात लांबवला, हाताला आली ती काठी धरली आणि तिच्यावर भार देऊन उठले. उठले ते काठीसकटच बाहेर! तंबूची एक बाजू ओल्या धोतरासारखी माझ्या पायांवर येऊन पडली. मी काही बोलले नाही. बाहेर ढेकळांवरून पावलं वाजली, थांबली.

"अगं," बाहेरून आवाज आला, "दुसरी काठी कुठाय?"

ती माझ्या डोक्यावरचं उरलेलं छप्पर धरून उभी होती. हात लांबवून मी ती काढून दिली.