संघ गेला, पाठीराखे राहिले

रविवारी सकाळी शिरूरच्या किंवा दौंडच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर चेंडूमागे धावणारी मुले पाहिली, तर त्यांच्या अंगातील सदऱ्यांवरून जगाचा नकाशा शिकवता येईल. कोणाच्या छातीवर मँचेस्टर, कोणाच्या बार्सिलोना, कोणाच्या माद्रिद. त्या संघांचे अकराच्या अकरा खेळाडू ही मुले न अडखळता सांगतात. मात्र ‘आपल्याकडच्या लीगमधला तुमचा संघ कोणता?’ असे विचारले की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. एखादा कॉलेजात जाणारा मुलगा मग थोडे आठवून म्हणतो, ‘पूर्वी पुण्याचा होता, सर.’ भारतीय व्यावसायिक फुटबॉलचे दुखणे त्या एका ‘होता’मध्ये आहे.

परदेशी संघांच्या या वेडाला नावे ठेवण्याचे कारण नाही. उत्तम ते पाहावे, त्यात गैर काय? अभिजात गायकाची ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला आपण तू गावच्या भजनी मंडळातच का बसत नाहीस, असे विचारत नाही. तरीही ऐकणे आणि भजनात बसणे यांत फरक आहेच. दूरचित्रवाणीवर वा मोबाइलवर सामना पाहणारा हा प्रेक्षक असतो. पाठीराखा होण्यासाठी त्याला मैदानाच्या पायरीवर जाऊन बसावे लागते. तिथे त्याच्या ओरडण्याने खेळाडूच्या पायात बळ येते आणि त्याच्या गैरहजेरीने मैदान ओस दिसते. मँचेस्टरच्या संघाला दौंडच्या मुलाची उणीव कधीच भासणार नाही. पुण्याच्या संघाला ती भासली असती. देशी लीगचा पाठीराखा होण्यातले मर्म ते हेच.

फुटबॉल हा आपल्या मुलखाला परका खेळ आहे, असे म्हणण्याची एक रीत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. हा खेळ हिंदुस्थानात पसरला तो पलटणी आणि रेल्वे यांच्यामागोमाग. घोडनदीकाठचे शिरूर ही एके काळी कंपनी सरकारची छावणी होती, तर भीमेकाठचे दौंड रेल्वेने मोठे केले. मुंबईत १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेत आरंभी गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस या संघाने तो चषक जिंकला. या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हेच १९५६ च्या ऑलिम्पिकमध्ये चौथ्या आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धेत पहिल्या आलेल्या भारतीय संघाचे शिक्षक होते. हैदराबादहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग वाडी, सोलापूर आणि दौंड असाच येतो. हा मार्ग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उलट दिशेने पुन्हा येणार आहे.

देशपातळीवरची लीग मात्र आपल्याकडे फार उशिरा आली. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली आणि २००७ साली तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. त्याच २००७ साली पुण्यात ‘पुणे एफसी’ हा व्यावसायिक संघ उभा राहिला. दोन वर्षांत तो आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ च्या हंगामात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल देशात दुसरा आला. क्रिकेटच्या गदारोळात ही गोष्ट पुष्कळांच्या कानांपर्यंत पोहोचलीच नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या आठ संघांत ‘एफसी पुणे सिटी’ होता. त्याच सुमारास ‘भारत एफसी’ हा तिसरा संघही पुण्यात अवतरला. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत देशी-परदेशी खेळाडू खेळू लागले. ज्या शहराला एकही संघ नव्हता त्याला एकाएकी तीन संघ मिळाले.

शिरूर-दौंडच्या माणसाने पुण्याच्या संघाचा पाठीराखा होणे ही सोपी गोष्ट नव्हती. शिरूर पुण्यापासून सुमारे पासष्ट-सत्तर किलोमीटर, दौंड रेल्वेने पाऊणशे. दोन्ही गावे पुण्याच्या पूर्वेला आणि बालेवाडी शहराच्या पश्चिम टोकाला. रात्री साडेसातला सुरू होणारा सामना साडेनऊच्या सुमारास संपणार. त्यानंतर अख्खे शहर ओलांडून एसटी किंवा रेल्वे गाठायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत, कचेरीत, नाहीतर रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात वेळेवर हजर व्हायचे. एवढी यातायात करून जो जातो त्याला हौशी म्हणून सोडून देता येत नाही.

शिवाय पाठीराखा काही एका दिवसात होत नाही. पहिल्या वेळी माणूस जातो तो हृतिक रोशनसारखा सहमालक असलेला नट दिसेल या आशेने. दुसऱ्या वेळी ब्राझीलच्या मार्सेलिन्होचा किंवा उरुग्वेच्या एमिलियानो अल्फारोचा खेळ पाहण्यासाठी जातो. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच्या ध्यानात येते की, आपण आता कोणा एकासाठी येत नाही, त्या नारिंगी सदऱ्यासाठी येतो आहोत. खेळाडू बदलतात, शिक्षक बदलतात, सदरा तोच राहतो. आणि मग पराभव येतो. २०१७-१८ च्या हंगामात पुण्याच्या संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. बालेवाडीतला पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दुसऱ्या सामन्यात बंगळुरूला सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याचे स्वप्न तिथेच संपले. अशा रात्री जो मुकाट्याने घरी जातो आणि पुढच्या हंगामाची वाट पाहू लागतो, तो खरा पाठीराखा झाला असे समजावे.

पुढच्या हंगामानंतर वाट पाहण्याजोगे काही उरले नाही. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ सालीच बंद झाले होते. भारत एफसीने तर एकच हंगाम पाहिला. २०१९ साली एफसी पुणे सिटीही बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा नव्या हैदराबाद एफसीने घेतली. एके काळी हैदराबादचा संघ ज्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला मुंबईत चषक जिंकत होता, त्याच मार्गाने जणू पुण्याची जागा दौंडवरून हैदराबादला निघून गेली. २०२१-२२ च्या हंगामात त्या हैदराबादने लीगचे विजेतेपदही मिळवले. तेथील पाठीराखे किती हरखले असतील! पण २०२५ साली तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. सहा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली. प्रत्येक शहरात पाठीराखे मागे राहिले. त्यांची बदली कोणी केली नव्हती.

यात कोणा एका मालकाला दोष देऊन भागणार नाही. संघ चालवणे हा फार खर्चाचा व्यवहार आहे, आणि तोटा किती काळ सोसावा हे ठरवण्याचा अधिकार पैसे घालणाऱ्याला असतोच. राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ साली बंद झाला. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवणाऱ्या गोव्याच्या डेंपोने २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतले. कारणे निरनिराळी असतील, पण रचना एकच. संघ कंपनीचा होता, गावाचा नव्हता. कंपनीच्या हिशेबवहीत मैदान, खेळाडू, प्रवास या सर्वांचा खर्च मांडलेला असतो. शेवटची गाडी चुकवून फलाटावर रात्र काढणाऱ्या माणसाचे काय मांडले, हे विचारायला त्या वहीत रकानाच नसतो.

याउलट कोल्हापूर पाहावे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तिथल्या फुटबॉल संघांची नावे मुळात तालमींची आहेत. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांची ईर्षा दरवर्षी उतरू लागली. ही ईर्षा कधी कधी हातघाईवर येते आणि खेळाला गालबोट लागते, हेही खरे. पण तालीम दुसऱ्या शहराला विकता येत नाही. पेठ जिथे आहे तिथेच संघ राहणार. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्येही उतरला. आधी गावाने खेळ धरून ठेवला, म्हणून पुढे प्रबोधिनीला घडवायला मुलगा मिळाला.

केरळचे उदाहरणही बोलके आहे. केरळ ब्लास्टर्स या संघाच्या पहिल्या मालकांत आपले सचिन तेंडुलकर होते. २०१८ साली त्यांनी आपला हिस्सा काढून घेतला. मोठे नाव गेले, पण पिवळा सदरा घालून कोचीच्या मैदानावर येणारा समुदाय गेला नाही. त्याने मालकाला कधी संघ मानलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या मातीतला खेळ कबड्डी, तिथे पुणेरी पलटण आहे आणि तिने २०२४ साली प्रो कबड्डीचे विजेतेपदही आणले. मग फुटबॉलचा हा अट्टहास कशाला? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु कबड्डीची लीग आपल्याकडे रुजली, कारण तिच्याखाली गावोगावच्या मंडळांची जमीन पिढ्यानपिढ्या नांगरलेली होती. फुटबॉलच्या बाबतीत आपण आधी कळस चढवला आणि मग पायासाठी जागा शोधू लागलो. फुटबॉल सोडून द्यावा, असा याचा अर्थ होत नाही. ज्या क्रमाने कबड्डी वाढली त्या क्रमाने तो वाढवावा, एवढाच अर्थ होतो.

दुसरा आक्षेप दर्जाचा. देशी लीगचा खेळ युरोपाच्या मानाने संथ आणि कच्चा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपला मुलगा शाळेच्या संमेलनात नाटक करतो तेव्हा आपण मुंबईच्या रंगभूमीशी तुलना करून घरी बसत नाही. २०१९ सालच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत बंगळुरूला विजयी करणारा गोल मुंबईच्या राहुल भेकेने केला. असा गोल पाहणाऱ्या मराठी मुलाला त्या मैदानापर्यंत जाणारी एक वाट दिसते. परदेशी संघ त्याला आनंद देतो, ही वाट दाखवू शकत नाही.

मग करावे काय? लीग चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, संघाचे नाव आणि गाव सहजासहजी बदलता येऊ नये. जर्मनीत बहुतेक संघांच्या कारभारात निर्णायक मताधिकार सभासदांकडे राहील असा नियम आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे येईल असे नव्हे, परंतु संघ हलवण्यापूर्वी वर्गणीदार पाठीराख्यांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती करणे अवघड नाही. दुसरी, खालून वर येण्याची वाट खुली राहावी. आय-लीग जिंकून पंजाब एफसी २०२३ साली आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४ साली वरच्या लीगमध्ये आले, ही शुभ सुरुवात आहे. जागा विकत घेता येते तशी खेळून मिळवताही आली, तर उद्या एखाद्या जिल्ह्याच्या गावालाही स्वप्न पाहता येईल. २०२५-२६ चा हंगाम लीगच्या व्यापारी कराराची मुदत संपत आल्याने वेळेवर सुरूच होऊ शकला नाही. एका कराराच्या मुदतीवर साऱ्या देशाचा खेळ अडून राहावा, यावरूनच वरचा इमला किती पोकळ पायावर उभा आहे हे कळते.

उरलेले काम आपले, म्हणजे शिक्षकांचे, कचेरीत काम करणाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे. शिरूर आणि दौंड या दोन गावांतील शाळांचे वर्षातून आठ-दहा सामने ठरल्या तारखांना व्हावेत. न्हावरे-चौफुल्याच्या रस्त्याने एकदा त्यांनी इकडे यावे, एकदा यांनी तिकडे जावे. दोन्ही संघांना ठरावीक रंगाचे सदरे असावेत आणि निकाल शाळेच्या फळ्यावर लिहिले जावेत. याला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो नेम. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच मैदानावर तोच सामना झाला, तर पाच वर्षांत त्याला पाठीराखे मिळतील. त्या पाठीराख्यांना उद्या पुण्यात पुन्हा संघ उभा राहिला की बालेवाडीची वाट दाखवावी लागणार नाही. त्या संघाला जाब विचारण्याची सवयही त्यांना लागलेली असेल.

‘पूर्वी पुण्याचा होता’ असे सांगणाऱ्या त्या मुलाने आपला नारिंगी सदरा अजून टाकून दिलेला नाही. तो आता त्याला आखूड होतो, म्हणून त्याचा धाकटा भाऊ घालतो आणि रविवारी मैदानावर येतो. त्या धाकट्याने हा संघ कधी पाहिलेला नाही. छातीवरच्या चिन्हाचा अर्थ तो थोरल्याला विचारतो आणि थोरला त्याला छेत्रीच्या तीन गोलांची हकिकत सांगतो. हरलेल्या सामन्याची हकिकत इतक्या आवडीने सांगणारी माणसे ज्या गावात आहेत, तिथे संघ उभा करणे अशक्य नाही. मात्र या वेळी तो उभा करताना त्याच्या परतीचे तिकीट कोणाच्या खिशात राहणार, हे आधी विचारून घ्यावे.