स्थलांतरित कुटुंबाचा वारसा आणि विद्यार्थ्याचं ध्येय

मंडळी, आजचा विषय लांबचा नाही, आपल्या घरचाच आहे. आपलं गाव साखरखेर्डा. नावातच साखर. पण बघा, सिंदखेड राजा तालुक्याच्या या भागातून दिवाळी झाली की काही कुटुंबं दुसरीकडच्या साखरेसाठी घराला कुलूप लावून निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर. आम्ही शिक्षक मंडळी हे दरवर्षी बघतो. संध्याकाळी ट्रक भरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली काही बाकं रिकामी असतात.

प्रश्न असा आहे, की पोटासाठी गाव सोडणाऱ्या मायबापाकडून मुलाला वारसा म्हणून काय मिळतं? शेत नाही, दुकान नाही. मग काय मिळतं?

पहिली गोष्ट मिळते ती हिशेबाची जाण. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. सोप्या हिशेबासाठी समजा, उचल 1 लाख रुपये आणि टनाला 400 रुपये मिळतात. म्हणजे 250 टन ऊस तोडायचा. जोडीनं रोज 2 टन तोडला तर 125 दिवस लागतील. त्यात आजारपण आलं, खाडा पडला, की दिवस वाढले. शेकडेवारी शिकण्याआधीच आमच्या पोरांना हे गणित कळतं. रुपयामागे किती घाम आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यातूनच काटकसर येते, पहाटे उठणं येतं, धाकट्या भावंडांना सांभाळणं येतं. हे सगळं कोणी उपदेश करून शिकवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट मिळते ती शिक्षणाकडे बघण्याची नजर. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. कुटुंबाचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील सुभेदार रामजी लष्करात, म्हणून 1891 साली बाबासाहेबांचा जन्म झाला महूला. सुरुवातीची काही वर्षं शाळा झाली साताऱ्यात आणि पुढे बिऱ्हाड गेलं मुंबईला, परळच्या चाळीतल्या एका खोलीत. त्या खोलीतल्या गर्दीत वडील मुलाला मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवायचे, पुस्तकासाठी हात आखडता घ्यायचे नाहीत. 1907 साली मुलगा मॅट्रिक झाला. फिरतीच्या संसारात सामान मागे राहतं, पण शिकण्याची शिस्त बरोबर जाते, हे त्या घरात दिसतं.

आता थोडं बाहेर बघू. 1975 मध्ये व्हिएतनामचं युद्ध संपलं आणि लाखो लोकांनी देश सोडला. पुष्कळजण लहान होड्यांतून समुद्रात उतरले. त्यातली बरीच कुटुंबं अमेरिकेत पोचली. हातात पैसा नाही, इंग्रजी येत नाही, वस्ती गरीब. तरीही त्यांची बरीच मुलं शाळेत पुढे गेली. हे कसं झालं, याचा अभ्यास मिन झोउ आणि कार्ल बँकस्टन या समाजशास्त्रज्ञांनी न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका व्हिएतनामी वस्तीत केला. त्यांचं पुस्तक 1998 साली आलं. त्यांना काय आढळलं? आपल्या वस्तीशी आणि आपल्या भाषेशी ज्या मुलांचं नातं घट्ट होतं, ज्यांना व्हिएतनामी लिहिता-वाचता येत होतं, ती मुलं शाळेत जास्त चांगली निघाली. आपल्याला उलट वाटतं, की घरची भाषा मागे ओढते. तिथे ती आधार ठरली. कारण भाषेबरोबर नजर ठेवणारे काका, चौकशी करणाऱ्या आज्या आणि शाबासकी देणारे शेजारीही मिळाले.

निर्वासित आणि ऊसतोड कामगार एक नाहीत, हे आम्हाला कळतं. त्यांनी देश सोडला, आपले लोक हंगाम संपला की परत येतात. पण मुलाच्या मनात जे घडतं ते पुष्कळ सारखं असतं. 'यांनी माझ्यासाठी इतकं सोसलं, मी ते फेडलं पाहिजे.'

आता इथे जरा थांबू. एकदा आम्ही आठवीच्या वर्गात विचारलं, पुढे कोण व्हायचं? एक मुलगा म्हणाला, "सर, काहीबी होईन, पण मायच्या हातातला कोयता सुटला पाह्यजे." वर्ग शांत झाला. आम्हालाही भरून आलं. पण नंतर विचार केला, तेव्हा लक्षात आलं की या उत्तरात मुलगा स्वतःबद्दल काहीच बोलला नव्हता. 'काहीबी होईन' हे ध्येय नाही, ती उचल आहे. बापानं मुकादमाची घेतली, पोरानं मायबापाची.

ऋणाची जाणीव माणसाला पळवते, पण कुठे पळायचं ते सांगत नाही. म्हणून मग जो पहिला रस्ता दिसेल तो धरायचा. एकदा-दोनदा भरतीत नाव आलं नाही, की 'मी मायबापाला फसवलं' असं वाटायला लागतं. मुलींचं तर आणखी अवघड. भावंडं सांभाळायची म्हणून थोरलीची शाळा सुटते, नाहीतर लवकर लग्न होऊन तिचाच नवा कोयता तयार होतो. तिच्या जबाबदारीचं सगळे कौतुक करतात, पण तिला काय व्हायचंय हे विचारत नाहीत.

मग करायचं काय? त्या मुलाला आम्ही पुन्हा विचारलं, "कोयता सुटेल. पण तुला काय करायला आवडतं?" बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "टोळीच्या टनाचा हिशेब मीच लिहितो. एकदा मुकादमाची चूक काढली." अहो, हा खरा वारसा! आम्ही त्याला सांगितलं, "अरे, हिशेब तपासणं हा मोठा व्यवसाय आहे, त्याचं शिक्षण असतं." तो गप्पच राहिला. पण दुसऱ्या दिवशी हिशेबाची वही घेऊन आला.

पालकांना आमचं एवढंच सांगणं आहे. जाताना मूल आजीजवळ ठेवता आलं तर ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, शाळेत विचारा. बरोबर न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. आणि घरी आपली गोष्ट सांगा, पण 'तुझ्यासाठी केलं' एवढ्यावर थांबू नका. काय शिकलो, कुठे फसलो, तेही सांगा.

आणि मुलांनो, मायबापाचे कष्ट विसरू नका. पण ते कर्ज म्हणून डोक्यावर घेऊ नका, भांडवल म्हणून हाताशी धरा. कर्ज फक्त फेडता येतं. भांडवल असेल तर त्यावर काहीतरी उभं करता येतं.