तुषार संचातून बुरशीनाशक : सफरचंद बागेतील अनुभव काय सांगतो?

बागेत तुषार संच असला की त्यातूनच बुरशीनाशक सोडून फवारणीची मजुरी वाचवावी, असे वाटणे साहजिक आहे. पावसामुळे ट्रॅक्टर बागेत शिरत नाही, तेव्हा तर हा विचार हमखास येतो. सफरचंदाच्या बागांत ही पद्धत अजमावली गेली आहे. तिच्यातील खाचाखोचा आपल्याकडील फळबागायतदारांनीही समजून घ्याव्यात.

रोग कसा येतो?
स्कॅब हा सफरचंदावरील प्रमुख बुरशीजन्य रोग होय. काश्मीर खोऱ्यात १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली होती. पाने व फळांवर काळपट, खरबरीत डाग पडतात. १७ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात पाने सलग सहा ते नऊ तास ओली राहिल्यास रोगाची लागण होते. म्हणून झाडावरून पाणी टाकणारा संच रात्री चालविणे म्हणजे रोगाला आमंत्रणच.

पाण्याचा हिशेब
एक हेक्टरवर १ मि.मी. पाणी म्हणजे १०,००० लिटर. तासाला ४ मि.मी. पाणी देणारा संच पंधरा मिनिटांतच एवढे पाणी टाकतो. फवारणीला मात्र हेक्टरी एक ते दोन हजार लिटर पुरते. जास्तीच्या पाण्याने औषध पातळ होते व ओघळून जमिनीत जाते. स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर टिकले तरच उपयोगी पडते.

सुधारित पद्धत
अमेरिकेतील मिशिगन, वॉशिंग्टन व न्यूयॉर्क राज्यांत २०१० नंतर वेगळ्या संचाचे प्रयोग झाले. त्यात झाडांच्या ओळीत कायमचे सूक्ष्म तुषारक बसवितात. ठरावीक औषध थोड्या पाण्यात, काही मिनिटांत बागभर फवारले जाते. मात्र पानांच्या खालच्या बाजूस औषध कमी बसते आणि सुरुवातीचा खर्चही मोठा असतो.

विहीर सांभाळा
वीज गेली की नळीतील औषधमिश्रित पाणी उलटे विहिरीत उतरू शकते. त्याच विहिरीचे पाणी घरची माणसे व जनावरे पीत असतात. म्हणून मुख्य नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व व एअर व्हॉल्व हवेतच. मुख्य पंप थांबताच औषधाचा पंपही आपोआप थांबावा, अशी जोडणी करावी. संचातून देण्याची शिफारस औषधाच्या लेबलवर नसल्यास ते सोडू नये.

थोडक्यात, साधा तुषार संच पाण्यासाठीच वापरावा आणि बुरशीनाशक फवारणी यंत्रानेच द्यावे. मजुरी वाचविण्याच्या नादात पीक व विहीर दोन्ही धोक्यात घालू नयेत.