खोडरबर आणि खाडाखोड

‘तरुणपणी जमलं नाही, आता या वयात काय हात वळणार?’ असं म्हणणारे तुमच्यातही असतील. त्यांच्यासाठी रवींद्रनाथांचं उदाहरण घेऊ. त्यांची चित्रकला म्हणजे कवीचा म्हातारपणीचा विरंगुळा, असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते पटत नाही. ओढ जुनीच होती. १९०० साली जगदीशचंद्र बोसांना लिहिलेल्या पत्रात ते स्वतःचीच थट्टा करतात: चित्रं काढतोय खरा, पण पेन्सिलीपेक्षा खोडरबरच जास्त चालतंय. त्यातून अवनींद्रनाथांसारखा चित्रकार पुतण्या शेजारच्याच घरात! पुढे तो नाद मागे पडला.

१९२४ च्या अखेरीस ते अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्याकडे मुक्कामाला होते. वयाची ६३ वर्षं झालेली. ‘पूरबी’मधल्या कविता लिहिणं चालू होतं. खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत आणि त्यातून पक्षी, मुखवटे, कधी कुणी न पाहिलेले प्राणी निघत. ही सवय आधीही होती, इथे ती भरात आली. आता बघा, खोडणं तेच. पण रबर चूक पुसून टाकतं; इथे चूक कागदावर राहते आणि पुढची रेघ तिच्यातूनच निघते. मनात आधी ठरलेलं रूप हातून उतरत नाही, ही जुनी अडचण. इथे आधी ठरलेलं रूपच नव्हतं! मग ‘येत नाही’ म्हणायचं ते कशाच्या तुलनेत?

ओकाम्पोंच्याच खटपटीने मे १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरलं. चित्रांना नावं द्यायला ते सहसा तयार नसत. शब्दांचा एवढा मोठा धनी, पण इथे गप्प. चित्रांची संख्या मात्र शेवटी दोन हजारांच्या वर गेली.