पिल्लू घेताय? आधी त्याची आई बघा

हिंजवडी फेज थ्रीचे टॉवर उभे राहिले तशी आपल्या माणमध्येही लॅब, शिह त्झू, अगदी हस्कीसुद्धा दिसायला लागली. (हस्की आणि इथला मे महिना, यावर न बोललेलंच बरं.)

२०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र "३५ दिवसांचं, घेऊन जा" सर्रास चालतं. हे ८ आठवडे उगाच नाहीत. भावंडांशी झोंबताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ थांबतो. दात किती लावायचा, ते पिल्लू असं शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू हा धडा तुमच्या घोट्यावर गिरवतं.

तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसलं-ऐकलं, त्याची पुढे भीती कमी. म्हणून चांगला ब्रीडर पिल्लं मागच्या पिंजऱ्यात कोंडत नाही. कुकरची शिट्टी, ट्रॅक्टर, लहान मुलं यांची सवय लावतो. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं तर कडेवर. पार्व्होचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो.

लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत नाही. देशी हवा तर आपला कारवान हाऊंड आहे, पण त्याला धावायला माळ लागतो. टू बीएचकेत नको.

आणि पिल्लाची आई दाखवा म्हटल्यावर "आई गावाला आहे" असं उत्तर आलं, तर अॅडव्हान्स देऊ नका.